घराची मागणी की घराची मुभा

दर तीन महिन्यांनी मुंबई महानगराच्या घरबाजाराचे अहवाल प्रसिद्ध होतात आणि वर्तमानपत्रांच्या मालमत्ता पुरवण्यांत त्यांचे मथळे होतात. गेल्या पाच-सहा वर्षांत या मथळ्यांतून तीन विधाने पक्की रुजली आहेत. ग्राहकाला आता मोठे घर हवे आहे, हे पहिले. परवडणाऱ्या घरांची मागणी ओसरली असून लोक महागड्या घरांकडे वळले आहेत, हे दुसरे. आणि लोकांची पसंती शहराबाहेर, म्हणजे ठाणे, पनवेल, वसई-विरार, कल्याण-बदलापूरकडे सरकते आहे, हे तिसरे. या विधानांमागचे आकडे बहुतेक वेळा खरे असतात. पण त्या आकड्यांवरून लोकांच्या इच्छेबद्दल जे सांगितले जाते, ते त्या आकड्यांतून निघत नाही. विकल्या गेलेल्या घरांची मोजदाद म्हणजे मागणीचे मोजमाप, या समजुतीवर आपली गृहनिर्माणाची बरीचशी चर्चा उभी आहे, आणि ती समजूत उथळ आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या महानगरात घर हवे असणारा माणूस आणि घर घेतलेला माणूस यांच्यामध्ये तीन चाळण्या आहेत. बांधले काय जाते ही पहिली. हातात रोख किती आहे ही दुसरी. आणि कोणत्या जागी पाणी, लोकल आणि रोजगार यांचा मेळ बसतो ही तिसरी. या तिन्हींतून खाली उतरते तेवढेच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदले जाते. त्या नोंदीला मागणी म्हणण्यापेक्षा मुभा म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल, कारण लोकांना काय करता आले तेवढेच ती सांगते. काय हवे होते, याचा तिच्यात मागमूस नसतो. हा शब्दांचा कीस वाटेल. पण ज्याला आपण मागणी म्हणतो त्याला धरूनच सवलती ठरतात, रस्ते आखले जातात, चटईक्षेत्र वाढवले जाते. म्हणून शब्द तपासायला हवा.

नोंदणीचा आकडा काय सांगतो

सुरुवात ज्या आकड्यावर सर्वांचा विश्वास असतो त्यापासून करू. कोविडच्या पहिल्या लाटेनंतर राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात मोठी कपात केली. मुंबईत 5 टक्क्यांचे शुल्क 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात 2 टक्के झाले आणि त्यानंतर मार्च 2021 अखेरपर्यंत 3 टक्के. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत साधारण 6,400 दस्त नोंदले गेले होते. डिसेंबर 2020 मध्ये ही संख्या साडेएकोणीस हजारांच्या पुढे गेली. त्या महिन्यात मुंबईकरांची घराची गरज तिप्पट झाली, असे कोणी म्हणणार नाही. जे पुढच्या वर्षी घेणार होते त्यांनी आधी घेतले, ज्यांचे व्यवहार कच्च्या पावतीवर अडकले होते त्यांनी ते नोंदवले. शिवाय डिसेंबरअखेर शुल्क भरून ठेवले तर प्रत्यक्ष नोंदणीला पुढे चार महिने मिळत होते, म्हणून मार्चपर्यंतचे आकडेही फुगलेले राहिले. तरीही त्या काळातल्या मथळ्यांनी 'घरांना प्रचंड मागणी' असेच सांगितले, आणि सवलत यशस्वी ठरल्याचा तोच पुरावा मानला गेला.

ही सवलत कोणाच्या पदरात पडली याचे गणित सोपे आहे. शुल्क किमतीच्या टक्क्यांत असल्याने 3 टक्क्यांच्या कपातीतून 40 लाखांच्या घरावर 1 लाख 20 हजार वाचले, 1 कोटीच्या घरावर 3 लाख आणि 10 कोटींच्या घरावर 30 लाख. ज्याची घर घेण्याची ऐपत आधीपासून होती त्याला ते लवकर घेण्याचे कारण मिळाले. ज्याची नव्हती तो सव्वा लाखाच्या बचतीने उंबरठा ओलांडू शकला नाही. सरकारी तिजोरीतून जो पैसा सुटला त्याचा मोठा वाटा मोठ्या घरांकडे गेला, आणि मग त्याच मोठ्या घरांच्या नोंदी पाहून ग्राहकाची आवड बदलल्याचा निष्कर्ष काढला गेला. नोंदणीचा आकडा तापमापकासारखा आहे असे आपण धरतो. प्रत्यक्षात तो धोरणाच्या प्रत्येक धक्क्याने हलतो आणि त्या हलण्याला आपण रुग्णाचा ताप समजतो.

पहिली चाळणी: बांधले काय जाते

मोठ्या घराच्या आवडीचे विधान आता नीट पाहू. 2015 ते 2019 या काळात हेच विश्लेषण उलटे होते. ग्राहकाला आटोपशीर घर हवे आहे, कुटुंबे लहान झाली आहेत, वन बीएचकेचे दिवस आले आहेत, असे तेव्हा सांगितले जात होते. बांधकाम व्यावसायिकांनी त्या वर्षांत घराचे क्षेत्रफळ कमी करून एकूण किंमत आवाक्यात दिसेल अशी मांडणी केली होती आणि ग्राहक तेच घेत होता, कारण समोर तेच होते. काही वर्षांत कुटुंबांची रचना उलटीपालटी झाली नाही. माणसे तीच आहेत, मांडलेला माल बदलला आहे.

माल का बदलतो हे समजायचे तर मुंबईत नवे घर कोणत्या जमिनीवर उभे राहते ते पाहावे लागते. मुंबई बेटावर आणि जुन्या उपनगरांत मोकळी जमीन जवळजवळ उरलेली नाही. नवे बांधकाम म्हणजे मुख्यतः पुनर्विकास: उपकरप्राप्त चाळी, जुन्या सोसायट्या, म्हाडाच्या वसाहती, झोपडपट्ट्या. या सर्वांचे आर्थिक सूत्र एकच आहे. मूळ रहिवाशाला पूर्वीपेक्षा मोठे घर विनामूल्य द्यायचे, त्याचे मधल्या काळातले भाडे भरायचे, सोसायटीला कार्पस द्यायचा, पालिकेला अधिमूल्य भरायचे, आणि हा सगळा खर्च उरलेल्या विक्रीच्या घरांतून वसूल करायचा. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचे घर मिळते, ही रहिवाशांच्या दीर्घ लढ्याची योग्य फलश्रुती आहे. वरळीतल्या पहिल्या साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या मिळाल्या. पण या सूत्रात जमिनीची किंमत बांधीव घरांच्या रूपाने चुकवली जात असल्याने विक्रीच्या घरावर ती सगळी चढते. त्या मजल्यांवर कमी किमतीचे घर बांधणे हिशेबातच बसत नाही. वरळी, परळ, लालबागच्या टॉवरमध्ये साडेतीनशे चौरस फुटांची विक्रीची घरे नाहीत, त्याचे कारण पुनर्विकासाच्या या सूत्रात आहे. ती कोणाला नको होती म्हणून बांधली गेली नाहीत, असे म्हणायला काहीही आधार नाही.

गिरणगावाचा इतिहास हेच अधिक ठळकपणे सांगतो. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि सुमारे 600 एकर जमिनीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने ती जमीन पालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटण्याचा विचार मांडला होता. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, बांधीव भागावरचे क्षेत्र मालकाकडे गेले, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. नियमातल्या एका व्याख्येने लोअर परळमध्ये पुढची वीस वर्षे कोणत्या प्रकारचे घर विकले जाणार हे ठरले. दुसऱ्या बाजूला घरासाठी अर्ज करणाऱ्या गिरणी कामगारांची आणि त्यांच्या वारसांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचली. त्याच पिन कोडमधल्या घराची ही मागणी कोणत्याही तिमाही अहवालात कधी आली नाही, कारण ती विक्रीत उतरलीच नाही.

याच सूत्रातून आणखी एक आभास तयार होतो. पुनर्विकासात रहिवासी तीन ते पाच वर्षे भाड्याने राहतात आणि शक्यतो जवळपासच राहतात, कारण मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचे डॉक्टर तिथेच असतात. बोरिवली, मुलुंड, चेंबूरसारख्या भागांत एकाच वेळी अनेक इमारती पाडल्या जातात तेव्हा तिथली भाडी चढतात. ते भाडे विकासक भरत असल्याने घासाघीस कमी होते. अहवालात याची नोंद 'या भागाला भाडेकरूंची वाढती पसंती' अशी होते. खरे तर त्या भागाने आपल्याच माणसांना काही वर्षांसाठी घराबाहेर काढलेले असते.

दुसरी चाळणी: हातातली रोकड

घर घेण्याची ताकद मासिक पगारावर मोजली जाते, व्याजदर वाढला-घटला की मागणीचे भाकीत होते. व्याजदराचा परिणाम मी नाकारत नाही. 50 लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता 7 टक्क्यांनी साधारण 38,800 रुपये येतो आणि 9 टक्क्यांनी 45,000. महिन्याला सहा हजारांचा फरक मध्यमवर्गीय घराला जाणवतो. पण या महानगरात खरी अडचण हप्त्याच्या आधी येते.

1 कोटीचे घर घ्या. मुंबईच्या उपनगरांत आजच्या भावात ते फार मोठे घर नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्यापुढे 75 टक्क्यांची; म्हणजे या घरावर 75 लाख कर्ज मिळेल. 25 लाख स्वतःचे. मेट्रो उपकरासह मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 6 लाख. नोंदणी शुल्क 30 हजार. घर बांधकामाधीन असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 5 लाख. शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक किमतीत धरत नाही. एकूण 36 लाखांहून अधिक रोख हातात असल्याशिवाय या घराचे दार उघडत नाही, आणि त्यानंतर साडेआठ टक्क्यांनी 65 हजारांचा हप्ता वीस वर्षे. महिना दीड लाख कमावणाऱ्या तरुण जोडप्याला हा हप्ता पेलेल. पण भाडे भरत, 36 लाख साठवायला त्यांना किती वर्षे लागतील आणि तोवर घराची किंमत कुठे गेलेली असेल?

ही रोकड ज्यांच्याकडे असते ते बहुतेक एका प्रकारचे लोक असतात: ज्यांच्या घरात आधीच एक घर आहे. आईवडिलांचे डोंबिवलीतले घर विकून मुलगा ठाण्यात घेतो. कांदिवलीचे टू बीएचके विकून तिथेच थ्री बीएचके घेतले जाते. पुनर्विकासात मिळणाऱ्या क्षेत्राला जोडून सोसायटीचा सभासद विकासकाकडून आणखी दीडशे फूट विकत घेतो. मोठ्या घराच्या मागणीचा बराचसा भाग हा असा बदलीचा आहे, घरातून घराकडे जाणारा. त्यात घर नसलेल्या माणसाची भर पडत नाही. दोन्ही व्यवहार नोंदणी कार्यालयात सारखेच दिसतात. पण शहराच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या घरासाठी धडपडणारा जसजसा गळत जातो तसतशी उरलेल्या खरेदीदारांची सरासरी आपोआप श्रीमंत आणि वयस्क होत जाते. वर्गातली अर्धी मुले शाळा सोडून गेली आणि उरलेल्यांचे सरासरी गुण वाढले, तर त्याला आपण शिक्षणाची प्रगती म्हणत नाही.

45 लाखांची रेघ

परवडणाऱ्या घरांची मागणी ओसरल्याचे विधान या चाळणीला लागूनच येते, आणि तीनही विधानांत मला ते सर्वांत घातक वाटते. सरकारी व्याख्येत परवडणारे घर म्हणजे महानगरांत 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि 45 लाखांपर्यंत किंमत. या दोन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्या तरच जीएसटी 5 ऐवजी 1 टक्का लागतो. एप्रिल 2019 मध्ये ही रचना आली. त्यानंतर सिमेंट, पोलाद, मजुरी, जमीन सगळे महाग झाले. 45 लाखांची रेघ तिथेच राहिली. मुंबई शहरात 45 लाखांत नवे घर मिळणे जवळजवळ अशक्य आहे, उपनगरांतही ते विरळाच. दरवर्षी काही घरे नुसत्या भाववाढीने या रेघेच्या वर जातात आणि दरवर्षी अहवालात परवडणाऱ्या घरांचा वाटा घटतो. तो घटतो हे खरे आहे. पण दुकानातून ज्वारी संपली म्हणून गावाने भाकरी सोडली असे होत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेतले कर्जावरील व्याजाचे अनुदान मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च 2021 मध्ये आणि अल्प उत्पन्न गटासाठी मार्च 2022 मध्ये थांबले. नवी योजना यायला 2024 उजाडले. मे 2022 पासून रेपो दर वाढू लागला आणि 4 टक्क्यांवरून फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. खालच्या थरातल्या खरेदीदाराचे अनुदान गेले, हप्ता वाढला आणि त्याच्या किमतीचे घर बाजारातून नाहीसे झाले, हे सगळे एकाच दोन-तीन वर्षांत. एवढे झाल्यावर त्याची खरेदी घटली, याला आवडीत झालेला बदल म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. 2012 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरी भारतातली घरांची तूट 1 कोटी 88 लाखांच्या घरात काढली होती आणि तिच्यातला 95 टक्क्यांहून अधिक भाग आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा होता. बाजाराचा आरसा मात्र वरच्या थरापुरता धरलेला आहे.

तिसरी चाळणी: जागा

आता शहराबाहेरच्या ओढीकडे वळू. जनगणनेचे आकडे वरवर तिला दुजोरा देतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मधल्या 33 लाख 38 हजारांवरून 2011 मध्ये 30 लाख 85 हजारांवर आली. त्याच दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. लोक गेले, यात शंका नाही. त्यांना जावे वाटले की जावे लागले, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला एक चांगला प्रयोग आपल्यासमोर आपोआप घडलेला आहे.

म्हाडाच्या मुंबई मंडळाने 2024 मध्ये 2,030 घरांची सोडत काढली तेव्हा अनामत रकमेसह एक लाखाहून अधिक अर्ज आले. त्याच म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळींजमधली हजारो घरे मात्र वर्षानुवर्षे विक्रीविना पडून राहिली. सोडतीमागून सोडत काढूनही ती संपेनात, तेव्हा प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावर विकावी लागली. यंत्रणा एकच, योजनांची जात एकच, बोळींजची घरे मुंबईपेक्षा कितीतरी स्वस्त. तरीही असे का? बोळींजमध्ये पाण्याचा प्रश्न दीर्घकाळ सुटला नव्हता, आणि विरार ते चर्चगेट हे लोकलचे 60 किलोमीटरचे अंतर आहे, तेही सकाळी आठच्या गर्दीत. सिडकोने 2024-25 मध्ये नवी मुंबईत 26 हजार घरांची योजना आणली, तेव्हा अनामत भरलेले अर्ज घरांच्या संख्येपेक्षा कमी पडले, आणि सोडतीत घर लागलेल्यांपैकीही अनेकांनी ते नाकारले. तक्रार दुहेरी होती: जिथे जागा सोयीची तिथे किंमत उत्पन्न गटाला न झेपणारी, जिथे किंमत झेपणारी तिथे जागा आडवळणाची. आर्थिक दुर्बल गटाची महानगर प्रदेशातली उत्पन्नमर्यादा वर्षाला 6 लाख आहे. महिना 50 हजारांतले अर्धे हप्त्यात घातले तरी साडेआठ टक्क्यांनी 29 लाखांच्या आतच कर्ज बसते. ज्या गटासाठी घर बांधले त्याच गटाला ते न झेपणारे असेल, तर अर्ज कमी येण्यात आश्चर्य नाही.

यातून निघणारा निष्कर्ष असा की लोक चौरस फूट विकत घेत नाहीत. ते नळाला येणारे पाणी, स्टेशनपर्यंतची रिक्षा, गाडीत उभे राहण्यापुरती जागा आणि संध्याकाळी मुलांसाठी उरणारा तास विकत घेतात. उपनगरी रेल्वे रोज 70 लाखांहून अधिक प्रवासी वाहते. त्यातल्या कर्जत-कसारा-विरारच्या प्रवाशाने घराची अर्धी किंमत बँकेला दिलेली असते आणि उरलेली तो रोज तीन-चार तासांच्या रूपाने रेल्वेत फेडतो. तिमाही अहवालात फक्त पहिला अर्धा भाग येतो. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले, उरणपर्यंत लोकल पोहोचली. या सर्वांनी पनवेल-उलव्याच्या घरांची किंमत आधी वाढवली. रोजगार तिथे पोहोचायला अजून वेळ आहे. जोपर्यंत नोकऱ्या वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी आणि लोअर परळ इथे एकवटलेल्या आहेत, तोपर्यंत बाहेरच्या घराची 'पसंती' हा शब्द मी जपूनच वापरेन.

आक्षेप

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचे विद्यार्थी घेतील: इच्छा म्हणजे मागणी नव्हे, जिच्यामागे पैसा आहे ती इच्छाच मागणी. हा भेद अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच केला होता आणि तो बरोबर आहे. मग तो शेवटपर्यंत पाळावा, एवढेच मी म्हणतो. नोंदणीचा आकडा क्रयशक्तीची मागणी सांगतो असे म्हणून थांबले तर माझी तक्रार उरत नाही. पण त्याच आकड्यावरून लोकांच्या आवडीनिवडी, बदललेली जीवनशैली, कुटुंबाचे स्वप्न अशी वाक्ये लिहिली जातात तेव्हा भेद विसरला जातो. पैसा मोजून मन सांगितले जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. महागडी घरे बांधली तरी हरकत नाही, कारण श्रीमंत माणूस नव्या घरात गेला की त्याचे जुने घर रिकामे होते, त्यात मध्यमवर्गीय येतो, त्याच्या घरात त्याच्या खालचा. वरून सुरू झालेली ही साखळी शेवटी सर्वांपर्यंत पोहोचते, असा हा युक्तिवाद आहे. जगातल्या काही शहरांत ही साखळी काही प्रमाणात चालते, आणि पुरवठा वाढल्याने भावाला लगाम बसतो हे मलाही मान्य आहे. मुंबईत ती दोन ठिकाणी तुटते. एक, रिकामे झालेले घर दुसऱ्याच्या हाती जाईलच असे नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी आढळली. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने देशातल्या शहरांत हा आकडा सर्वांत मोठा असल्याचे नमूद केले आहे. घरभाड्याचे उत्पन्न किमतीच्या 2 ते 4 टक्क्यांइतके असते, 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याची धास्ती 1999 च्या नव्या कायद्यानंतरही मालकांच्या मनातून गेलेली नाही, आणि भाववाढीची खात्री असल्यावर कुलूप लावून ठेवणे हाच सोपा व्यवहार ठरतो. दुसरी तूट याहून मूलभूत आहे. साखळीच्या सिद्धान्तात जुनी इमारत उभी राहते आणि स्वस्त होत जाते. इथे जुनी इमारत पाडूनच नवी बांधली जाते. चाळीतली खोली, बैठ्या सोसायटीतला वन आरके, जिथे नव्याने आलेला माणूस पोटभाडेकरू म्हणून पहिली दहा वर्षे काढायचा, ती जागाच नव्या टॉवरच्या पायात जाते. जिने वर न्यायचे ती शिडीच सरपण म्हणून वापरली तर वरचे मजले कितीही वाढवले तरी खालचा माणूस वर चढत नाही. आणि मूळ रहिवाशालाही नव्या टॉवरचा मेंटेनन्स झेपला नाही की तो घर विकून बदलापूर गाठतो. अहवालात ती पुन्हा एक नवी 'पसंती' होते.

तिसरा आक्षेप म्हाडाच्या सोडतीबद्दल येईल: बाजारभावापेक्षा स्वस्त घर मिळण्याची संधी असल्याने नफ्यासाठीही लोक अर्ज करतात, तेव्हा तो आकडाही गरज दाखवत नाही. हे अंशतः खरे आहे. म्हणून एकूण अर्जांवर मी भर देत नाही. पण उत्पन्न गट आणि ठिकाण यांनुसार त्या अर्जांची तुलना केली तर नफेखोरीचा अंश सगळीकडे कमी-अधिक सारखा धरता येतो, आणि तरीही मुंबई व बोळींज यांच्यातली दरी उरते. ती दरी ठिकाणाबद्दल जे सांगते ते कोणताही विक्री अहवाल सांगू शकत नाही.

मोजायचे काय

राज्य सरकारने मे 2025 मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 2007 नंतरचे हे पहिले धोरण, 2030 पर्यंत 35 लाख घरांचे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि दुर्बल व अल्प उत्पन्न गट त्याच्या केंद्रस्थानी आहेत. ही दिशा स्वागतार्ह आहे. पण 35 लाख घरे नेमकी कुठे, केवढी आणि कोणत्या किमतीला, हे ठरवताना हाताशी असलेली माहिती विक्रीच्या आकड्यांचीच असेल तर बोळींजची पुनरावृत्ती मोठ्या प्रमाणावर होईल. या भूमीत वेगळ्या पद्धतीची परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, 1945 आणि 1952 मध्ये तिचे दोन भाग प्रसिद्ध झाले. ती दुकानाच्या वहीवरून केलेली नव्हती, कुटुंबाच्या उंबरठ्यावर जाऊन केलेली होती. आज मुंबई महानगर प्रदेशासाठी तसे घरोघरचे, दर काही वर्षांनी होणारे सर्वेक्षण हवे: कोण किती भाडे भरतो, कामाला जायला किती वेळ लागतो, एका खोलीत किती जण झोपतात, घर शोधणे कधी आणि का सोडून दिले. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण शोध सोडून दिलेला माणूस कोणत्याच बाजार अहवालात सापडत नाही.

सर्वेक्षणाला वेळ लागेल. तोवर एक काम उद्या सुरू करता येईल. प्रत्येक खरेदीखताच्या इंडेक्स टू या नोंदणी-उताऱ्यात खरेदीदाराचा तेव्हाचा पत्ता पिन कोडसह नोंदलेला असतो, वय असते, क्षेत्रफळ आणि मोबदला असतो. भाडेकरारांची नोंदणीही कायद्याने सक्तीची आहे आणि ती मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन होते. नावे आणि पॅन वगळून नोंदणी व मुद्रांक विभागाने दर सहा महिन्यांनी एवढेच प्रसिद्ध करावे: कोणत्या पिन कोडमधला, कोणत्या वयोगटातला माणूस कोणत्या पिन कोडमध्ये, केवढे घर घेऊन गेला, आणि कोणत्या पिन कोडमध्ये भाडे किती होते. 400012 (परळ-लालबाग) मधून 421503 (बदलापूर) कडे किती जण गेले आणि उलट दिशेने किती आले, हे दोन आकडे शेजारी ठेवले की बदलापूरला ओढ म्हणायचे की ढकल, हे पाहणाऱ्याला स्वतःच ठरवता येईल.